सदरहू म्हणजे कोणता? पुराभिलेखशास्त्राच्या पहिल्या वर्षात काय शिकवतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: "इतिहासात एम.ए. झालंय. मोडीचा प्राथमिक वर्ग केलाय. आजोळी पणजोबांची ट्रंक आहे, मोडी कागदांनी भरलेली. पुराभिलेखशास्त्राच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमात नेमकं काय शिकवतात? ग्रंथालयशास्त्रापेक्षा त्यात वेगळं काय? आणि मोडी येत असेल तर तो करायची गरज आहे का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. गरज आहे. पुराभिलेखशास्त्र म्हणजे जुनी दफ्तरं लावण्याचं आणि जपण्याचं शास्त्र. मोडी आली की कागद वाचता येतो. पण तो कागद त्याच गठ्ठ्यात, त्याच दोऱ्याखाली का होता, हे वाचायला वेगळं शिकावं लागतं. मी ते शिकले एका चुकीतून, आणि ती चूक आधी सांगितली तर पुढचं सगळं सोपं जाईल.

शिकाऊ असताना माझ्याकडे कोकणातल्या एका खोत घराण्याची कागदपत्रं लावायला आली. पत्र्याच्या ट्रंकेत आठ-नऊ गाठोडी, प्रत्येक गाठोडं जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं. मला वाटलं, काय हा पसारा. तीन आठवडे बसून मी सगळी गाठोडी सोडली, कागद सपाट केले आणि तारीखवार लावले. फडकी आणि सुतळ्या एका पिशवीत भरून शिपायाकडे दिल्या. शेवटी हातात राहिली बिनतारखेची पंधरा-वीस चिटोरी. त्यातलं एक जेमतेम चार बोटं रुंद होतं. वर मोडीत एवढंच: "सदरहू ऐवज भरून पावला." ना नाव, ना तारीख, ना रक्कम.

आमच्या सरांनी ते हातात घेतलं आणि विचारलं, "सदरहू म्हणजे कोणता?"

मला सांगता येईना. सदरहू म्हणजे वर सांगितलेला, आणि ज्या कागदाच्या खाली ही चिठ्ठी बांधलेली होती तो कागद आता दुसऱ्याच फोल्डरमध्ये, दुसऱ्याच सालात गेला होता. बहुधा गहाणखत असावं. गहाण सुटल्याची ती पावती. कुणाचं गहाण, कोणतं शेत, सुटलं कधी, हे सगळं त्या लुगड्याच्या तुकड्याने आणि सुतळीने धरून ठेवलं होतं. मी ते सोडलं. कागद एकही हरवला नाही, तरी पुरावा हरवला.

पहिल्या सत्राचा निम्मा भाग या एका गोष्टीभोवती फिरतो. तिची नावं दोन: उगमतत्त्व आणि मूळ क्रम. ज्याने, ज्या कामासाठी कागद निर्माण केले त्याचे कागद एकत्र ठेवायचे, दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत, हे पहिलं. त्याने ते ज्या क्रमाने ठेवले होते तो क्रम मोडायचा नाही, हे दुसरं. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर दफ्तरं विषयवार लावण्याच्या नादात बरंच काही कालवलं गेलं. मग २४ एप्रिल १८४१ रोजी तिथल्या गृहमंत्रालयाने परिपत्रक काढून सांगितलं, की एका संस्थेचे कागद एकत्रच ठेवा. पुढे १८८१ मध्ये प्रशियाच्या अभिलेखागाराने हाच नियम केला आणि १८९८ मध्ये तिघा डच अभिलेखपालांनी त्याची शंभर कलमं बांधली. परीक्षेत ही सालं विचारतात. पाठ करा, पण माझ्यासाठी या तत्त्वाची व्याख्या 'सदरहू' या एका शब्दात आहे.

ग्रंथालयाशी फरक इथेच पडतो. पुस्तक सुटं असतं. त्याच्या हजार प्रती निघतात, त्याला मुखपृष्ठ असतं, लेखक असतो, आणि विषयानुसार क्रमांक दिला की ते कपाटात कुठेही अर्थ सांभाळून बसतं. अभिलेख कुणी वाचकासाठी लिहीत नाही. तो काम करता करता मागे उरतो. कारकुनाने आवक क्रमांक टाकला, साहेबाने शेरा मारला, फाईल वर गेली, खाली आली, बांधली गेली. त्यातलं एक पान 'शिक्षण' या विषयाखाली आणि दुसरं 'दुष्काळ' या विषयाखाली लावलंत तर तुमच्याकडे दोन विषय उरतील, फाईल उरणार नाही. ग्रंथालयशास्त्र करून आलेल्या मुलांचे हात सुरुवातीला याच ठिकाणी शिवशिवतात. त्यांना दोष नाही. त्यांच्या शास्त्रात तेच बरोबर असतं.

यानंतर येतं लावणं आणि वर्णन करणं. वर्णन नेहमी वरून खाली. आधी अख्खा संग्रह कुणाचा, मग त्यातल्या मालिका, मग नस्त्या म्हणजे फायली, आणि वेळ उरला तर एकेक कागद. नवीन माणूस उलटं करतो. पहिल्या कागदाचा चार ओळींचा सारांश लिहितो, दुसऱ्याचा लिहितो, आणि वर्षभराने त्याच्याकडे तीनशे सुंदर सारांश आणि न उघडलेले चाळीस गठ्ठे असतात. मालिका म्हणजे काय हे समजून घ्यायला मी गोव्याचं उदाहरण देते. पणजीच्या पुराभिलेखागारात 'मोंसोंइश दु रैनु' नावाचे जाडजूड ग्रंथ आहेत. लिस्बन आणि गोवा यांच्यातला पत्रव्यवहार मोसमी वाऱ्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांतून व्हायचा, म्हणून त्या पत्रांच्या मालिकेचं नावच मोसमावरून पडलं. एका मोसमाची पत्रं एकत्र. विषय हवा तो असो, मराठ्यांशी तह, मिरीचा भाव, एखाद्या पाद्र्याची तक्रार, सगळं त्याच मोसमात. ही मालिका विषयवार फोडलीत तर कोणत्या पत्राला उत्तर यायला किती महिने लागले, राजाच्या हुकमाआधीच इथे काय करून मोकळे झाले होते, हे दिसेनासं होईल. गोव्याच्या त्या दफ्तराचा पहिला अधिकारी १५९५ मध्ये नेमला गेला, इतिहासकार दिओगु दु कोउतु. म्हणजे कागद सांभाळण्याची सरकारी नोकरी आपल्या किनाऱ्यावर चारशे वर्षांहून जुनी आहे.

पुण्याचं पेशवे दफ्तर हे दुसरं उदाहरण, आणि जरा अवघड. १८१८ नंतर इंग्रजांच्या हाती आलेलं हे दफ्तर वसुलीसाठी आणि पुढे इनामांच्या चौकशीसाठी पुन्हा पुन्हा उसकटलं गेलं. आज रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेला गठ्ठा, सोडलात तर जो क्रम दिसतो तो नानासाहेबांच्या फडातला कितपत आणि इनाम कमिशनच्या कारकुनांचा कितपत, हा प्रश्न पडायलाच हवा. वर्गात मी विचारते, की मग 'मूळ क्रम' कोणता मानायचा? मुलं पटकन म्हणतात, पेशव्यांचा. पण इनाम कमिशननेही ते कागद कामासाठी वापरले, त्या वापराचाही तो पुरावा आहे. यावर एक तास सहज जातो आणि उत्तर निघत नाही. गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली या दफ्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड छापले गेले. संशोधकाला ते अमूल्य आहेत. पण निवडलेलं पत्र वाचणं आणि त्याच पत्राला त्याच्या रुमालात, शेजारच्या हिशेबांसकट पाहणं या दोन गोष्टी वेगळ्या, हे तुम्हाला पेशवे दफ्तरात एक दिवस बसलात तरी कळेल.

पुढचा विषय ऐकून इतिहासाची मुलं दुखावतात: मूल्यमापन. साध्या भाषेत, काय फेकायचं. सरकारी कार्यालयात जेवढा कागद तयार होतो त्यातला अगदी थोडा कायमचा राहतो, राहायला हवा. आपल्याकडच्या कार्यालयांत 'अ' वर्ग म्हणजे कायम, 'ब' वर्ग म्हणजे ३० वर्षं, आणि पुढे उतरत उतरत 'ड' वर्ग म्हणजे वर्षभर, अशी वर्गवारी असते. तुमच्या ओळखीत कुणी जिल्हा परिषदेत कारकून असेल तर त्याला सहा गठ्ठे पद्धतीबद्दल, म्हणजे कार्यालयातले कागद सहा गठ्ठ्यांत वाटून ठेवण्याच्या रीतीबद्दल, विचारा. अभ्यासक्रमातला अभिलेख व्यवस्थापनाचा अर्धा पेपर तो चहा पिता पिता सांगेल. सिद्धान्ताच्या बाजूने इथे दोन नावं भेटतात. लंडनच्या जेन्किन्सनचं म्हणणं असं, की अभिलेखपालाने निवड करूच नये. ज्याचे कागद त्याने ठरवावं, आपण फक्त विश्वासाने सांभाळावं. अमेरिकेतल्या शेलेनबर्गसमोर दोन महायुद्धांच्या काळात साचलेला सरकारी कागदांचा डोंगर होता, त्याला हे परवडणारं नव्हतं. तो म्हणाला, निवड आपणच केली पाहिजे, आणि ती करताना कागद ज्या कार्यालयाचा आहे त्याच्या कारभाराचा पुरावा म्हणून आणि त्यातल्या माहितीसाठी, असा दोन्ही बाजूंनी तोलला पाहिजे. माझा कल शेलेनबर्गकडे, पण जेन्किन्सनची भीती खोटी नाही. निवडणाऱ्याच्या आवडीनिवडी कागदांत उतरतातच. माझ्या पिढीने राजकारणाचे कागद जपले आणि रुग्णालयांच्या नोंदवह्या सर्रास जाऊ दिल्या. आता रोगांच्या साथींवर संशोधन करणारी मुलं येऊन विचारतात तेव्हा मान खाली जाते.

फेकण्यालाही कायदा आहे. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ चा. त्यात म्हटलंय, की १८९२ पूर्वीचा कोणताही अभिलेख नष्ट करायचा नाही. अपवाद फक्त वापरता न येण्याइतक्या खराब झालेल्या कागदाचा. परवानगीशिवाय अभिलेख नष्ट केला किंवा देशाबाहेर नेला तर पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. महाराष्ट्राचा स्वतःचा अधिनियम २००५ चा आहे. माहितीचा अधिकारही २००५ चाच, आणि खरं सांगायचं तर रेकॉर्ड रूमला कुलूप आणि दिवा मिळाला तो या दुसऱ्या कायद्याच्या धाकाने. कागद सापडत नाही हे लेखी द्यायची वेळ आली की साहेब लोक रॅकचे पैसे मंजूर करतात.

आता जतन. अभ्यासक्रमातला सगळ्यात हाताळण्याजोगा भाग, आणि गैरसमजही इथेच जास्त. पहिला धक्का असा, की १७६० चा कागद १९६० च्या कागदापेक्षा धडधाकट असतो. जुना हातकागद चिंध्यांचा, ताग-अंबाडीचा. त्याचे तंतू लांब. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा गिरणीतला कागद आला, त्यात तुरटी आणि राळ. त्यातून आम्ल तयार होतं आणि कागद आतून जळतो. पेशवे दफ्तरातलं पान तुम्ही घडी घालून परत उलगडू शकता. पन्नास वर्षांपूर्वीच्या सरकारी नस्तीतलं पान उचललंत तर कोपरा बोटात राहतो. आमच्या सरांनी पहिल्या दिवशी दोन्ही कागद शेजारी ठेवून फक्त वास घ्यायला लावला होता.

शाईचंही तसंच. बोरूने लिहिलेल्या मोडी कागदावरची शाई काजळी आणि डिंकाची. ती उन्हाने उडत नाही, शंभर वर्षांनी कालच लिहिल्यासारखी काळी दिसते. पण पाण्याचा थेंब पडला की सुटते. म्हणून आम्ल काढण्यासाठी कागद द्रावणात बुडवण्याची जी पद्धत शिकवतात ती मोडी कागदावर डोळे मिटून वापरायची नाही. आधी एखाद्या बिनमहत्त्वाच्या टिंबावर ओला कापूस टेकवून पाहायचा. काळं उतरलं तर थांबा.

दुरुस्तीत मैद्याची खळ, पातळ जपानी कागद, शिफॉन, हे सगळं हाताने करून घेतात. खळीत मोरचूद घालायची आपल्याकडची जुनी रीत, किडीसाठी. धुरी देण्याच्या कपाटात थायमॉल ठेवतात. ते ओव्यात असतं. त्यामुळे दार उघडलं की आजीच्या फडताळाचा वास येतो. थायमॉल बुरशीसाठी, कसरीसाठी त्याचा फार उपयोग नाही. कसर आणि वाळवी यांचा बंदोबस्त मुख्यतः झाडूने, हवेने आणि भिंतीपासून रॅक लांब ठेवून होतो. आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्के हवी असं पुस्तकात असतं. रत्नागिरीच्या जुलैत ते वाक्य वाचून हसू येतं. पण आकडा लक्षात ठेवायचा, कारण ६५-७० च्या वर गेलात की बुरशी आलीच.

जतनाचा पाया एका नियमावर आहे: आपण जे करू ते पुढच्या माणसाला उलटवता आलं पाहिजे. हा नियम आपल्याच देशात महागात पडून शिकलोय. राष्ट्रीय अभिलेखागारात सेल्युलोज ॲसिटेटची पातळ फिल्म ॲसिटोनने कागदावर चिकटवण्याची हाताने करायची पद्धत बसवली गेली. यंत्र लागत नव्हतं, स्वस्त होती, जगभर वाखाणली गेली, आणि हजारो नस्त्या तिने तगल्या हेही खरं. पण ॲसिटेट जुनं झालं की आंबतं, व्हिनेगरसारखा वास सोडतं, आणि आतल्या कागदाला ते बाधतं. आज ती फिल्म काढत बसायला लागतं. त्यांनी चुकीचं केलं असं मी म्हणणार नाही. वाळवीच्या तोंडात गेलेल्या कागदावर त्या दिवशी जे हाताशी होतं ते वापरलं.

बाकीचे विषय भराभर. आपत्ती व्यवस्थापन: २१ जून २०१२ ला मंत्रालयात आग लागली तेव्हा हा पेपर का असतो हे सगळ्यांना कळलं. भिजलेल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरते, वाळवणं शक्य नसेल तर गोठवून ठेवायचं, एवढं डोक्यात पक्कं असू द्या. संशोधकांना कागद देण्याचे नियम, नोंदवही, वाचनकक्ष: कंटाळवाणं, पण नोकरीत रोज लागणारं. डिजिटल जतन: अलीकडे या विषयाचे तास वाढलेत आणि ते योग्य आहे. स्कॅन म्हणजे जतन नव्हे, स्कॅन केलेली फाईलही सडते, फक्त तिला वाळवी दिसत नाही. म्हणून प्रत्येक फाईलची चेकसम (मजकूर बदलला तर बदलणारा तपासणीचा आकडा) काढायची, ती ठराविक काळाने ताडून पाहायची, प्रती वेगळ्या गावी ठेवायच्या. आणि स्कॅन करतानाही तोच पहिला धडा, गठ्ठ्याचा क्रम फाईलच्या नावात उतरला पाहिजे. नाहीतर पेनड्राइव्हवर पुन्हा 'सदरहू'.

मोडीचं म्हणाल तर सर्वसाधारण अभ्यासक्रमात ती नसते किंवा जुजबी असते, कारण तिथे तमिळनाडूपासून मणिपूरपर्यंतची मुलं बसलेली असतात. त्यामुळे तुमचं मोडी वाया जात नाही, उलट वर्गात तुम्हीच एकटे असाल. फक्त तिला कालगणनेची जोड द्या. नुसतं अक्षर लागून उपयोग नाही. कागदावर "इहिदे सितैन मया व अलफ" असं दिसलं की एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१ हे सुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतली, अरबी आकड्यांत लिहिलेली कालगणना) चटकन यायला हवं. सुहूर सन मृगाला बदलतो, म्हणून महिना जून ते डिसेंबरमधला असेल तर इसवी सनासाठी ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मेमधला असेल तर ६००. महिना जानेवारी निघाला तर १७६१, म्हणजे पानिपत. आणि तारखेआधीचा 'छ' हा चंद्राचा, मुसलमानी महिन्याची तिथी सांगणारा. ही गणितं वर्गात एकदाच होतात, हातात बसायला वर्ष जातं.

कुठे करायचा, तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची 'स्कूल ऑफ आर्काइव्हल स्टडीज' एक वर्षाची पदविका चालवते, आणि दुरुस्ती-जतन, अभिलेख व्यवस्थापन असे काही आठवड्यांचे छोटे प्रमाणपत्र वर्गही. तुमचं एम.ए. पदविकेसाठी कामी येईल; अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहा. घर सोडून वर्षभर जाणं जमत नसेल तर आधी दुरुस्तीचा छोटा वर्ग करा. हात या कामाला रमतात की नाही ते महिन्यात कळतं. धुळीची ॲलर्जी असेल तर अर्ज भरण्याआधी डॉक्टरांशी बोला, हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते.

आणि ती ट्रंक. अभ्यासक्रमाला प्रवेश मिळेपर्यंत वाट पाहा असं सांगितलं तरी तुम्ही दिवाळीत ती उघडणारच. तर निदान एवढं करा. उघडल्या उघडल्या वरून फोटो काढा, मग एकेक गाठोडं बाहेर काढताना त्याचा, गाठ सोडण्याआधी. गाठोड्यांना ज्या क्रमाने निघतील तसे आकडे द्या, आतल्या कागदांना मऊ पेन्सिलने कोपऱ्यात. पेन नको, स्टेपलर नको, चिकटपट्टी तर मुळीच नको, आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेशन नको. हातमोजे घालू नका. सुती मोज्यात कडा अडकून फाटते, हात धुऊन कोरडे केले की पुरे. उन्हात वाळत घालू नका. घडी सहज उलगडत नसेल तर राहू द्या. एका गाठोड्यातलं त्याच गाठोड्यात परत. आणि मामींना आधीच सांगून ठेवा, ती फडकी धुवायला टाकायची नाहीत.